भीड, पैसा आणि सही: सोसायटीच्या कारभारात आणि कामावर नीती कशी पाळावी

सोसायटीच्या कमिटीत पैसे खाण्याच्या इराद्याने आलेली माणसे मी फार थोडी पाहिली. एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) कोणीच पुढे येईना म्हणून, शेजाऱ्यांनी गळ घातली म्हणून किंवा इमारतीची खरोखर काळजी वाटते म्हणून बहुतेक जण उभे राहतात. आपापल्या नोकरीधंद्यात ही माणसे चोख असतात. तरीही दोन-तीन वर्षांत त्याच कमिटीच्या हिशेबाला पाय फुटतात, कामे ठरावीक कंत्राटदारालाच जायला लागतात आणि जिन्यात समोरासमोर आल्यावर लोक मान फिरवतात. लोभाने बिघडलेली प्रकरणे असतात, नाही असे नाही. पण हिशेब तपासण्याच्या नोकरीत आणि कमिटीच्या कामात मिळून मी जे पाहिले, त्यात भिडेने बिघडलेली प्रकरणे कितीतरी जास्त. चेअरमन वडीलधारे, त्यांना पावती कशी मागायची? कंत्राटदार जोशीकाकांच्या ओळखीचा, त्याचे बिल कसे अडवायचे? भीड भिकेची बहीण, ही म्हण इथे अगदी रोकड्या अर्थाने खरी ठरते.

नीतीचा विचार मी सोसायटीच्या कारभारातून करतो आहे, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. तिथे घर आणि काम एकमेकांत मिसळलेले असते. पैसा शेजाऱ्यांचा, काम बिनपगारी, वर साहेब कोणी नाही आणि ज्याच्याशी वाकडे येईल तो उद्या लिफ्टमध्ये भेटणारच. इथे जो सरळ वागायला शिकतो, त्याला ऑफिसात फारसे नवे शिकावे लागत नाही.

नीतीची कामापुरती व्याख्या मी अशी धरतो: जो आपल्यावर विसंबून आहे आणि आपण काय करतो हे ज्याला रोज पाहता येत नाही, त्याचे नुकसान आपल्या हातून होऊ न देणे. कायदा यातला काही भाग सांभाळतो, सगळा नाही. सभेची नोटीस नियमाप्रमाणे बोर्डावर लावली, पण ज्यांचा विरोध होणार ते गावी गेलेले असतील असाच दिवस निवडला, तर कायदा मोडला नाही आणि नीती राहिली नाही.

आणि हे महत्त्वाचे का, हे समजायला सप्टेंबर २०१९ आठवा. रिझर्व्ह बँकेने पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली कर्जे २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड लपवल्याचे तपासात पुढे आले. अनेक हाउसिंग सोसायट्यांची खाती आणि ठेवी त्या बँकेत होत्या. वॉचमनचा पगार आणि लिफ्टचे बिल कशातून द्यायचे, इथपासून तिथे प्रश्न उभे राहिले. एवढे मोठे कर्ज वर्षानुवर्षे दडून राहते, तेव्हा ते दडवणारे थोडे असतात, पण पाहून गप्प बसणारेही लागतात. हा लेख मुख्यतः त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

पहिली पायरी: कोण आपल्यावर विसंबून आहे, ते लिहून काढा

पदभार घेतला की एका कागदावर ही यादी करा. मेंटेनन्स भरणारे सभासद लगेच सुचतात. त्यापुढे जा. भाडेकरू, ज्यांना सभेत मत नाही. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी, ज्यांना व्हॉट्सॲपवरची नोटीस दिसत नाही. वॉचमन, जिना झाडणाऱ्या ताई, टाक्या धुणारी मुले. आणि जे अजून राहायलाही आले नाहीत ते.

या शेवटच्यांबद्दल जरा थांबून सांगतो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत) आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जायला हवी. मेंटेनन्स कमी ठेवून लोकप्रिय व्हायचा सोपा मार्ग म्हणजे हे निधी पुरेसे गोळाच न करणे. आज सगळे खूश. वीस वर्षांनी प्लास्टर सुटते, सळ्या गंजून बाहेर येतात आणि तेव्हा तिथे राहणाऱ्यांच्या माथी एकदम लाखांचा खर्च येतो. यात कोणी पैसा खाल्लेला नसतो, म्हणून याला कोणी अनीती म्हणत नाही. मी म्हणतो. जो बोलायला हजर नाही, त्याच्या खिशातून आपण आज बचत केलेली असते.

ऑफिसातही हीच यादी करून पाहा. कर्ज मंजूर करणाऱ्याच्या समोर कर्जदार बसलेला असतो, ठेवीदार नसतो. औषध दुकानात कंपनीचा माणूस समोर असतो, रुग्ण घरी असतो. जो समोर नसतो, त्याचे नाव कागदावर असले म्हणजे निर्णय घेताना तो आठवतो.

दुसरी पायरी: नाते आणि हितसंबंध आधी सांगा

सोसायटीशी होणाऱ्या कंत्राटात समितीच्या सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा, असे उपविधी सांगतात. अप्रत्यक्ष हा शब्द लोक सोयीने विसरतात. मेहुण्याचे दुकान, मुलाच्या मित्राची फर्म, ज्याने नुकतेच आपल्या घरातले बाथरूम सवलतीत करून दिले तो प्लंबर, हे सगळे त्यात धरा.

करायचे ते सोपे आहे. विषय निघाला की पहिल्यांदा आपणच बोलायचे: “हा माणूस माझ्या नात्यातला आहे. या विषयावर मी बोलणार नाही आणि मतही देणार नाही.” मग उठून बाहेर जायचे आणि हे वाक्य इतिवृत्तात आले का, ते पुढच्या सभेत पाहायचे. बाहेर जाण्याला मी फार महत्त्व देतो. आपण समोर बसलेले असताना “यांच्या मेहुण्याचे दर जास्त आहेत” असे म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. गप्प बसूनही आपण त्या खोलीत मत देतच असतो.

नातेवाइकाचे काम खरोखर चांगले आणि स्वस्त असेल तर? तरीही निर्णय इतरांनी करायचा. त्याला काम मिळाले नाही तर घरी दोन शब्द ऐकावे लागतील, ते ऐकायचे.

तिसरी पायरी: तीन कोटेशन्स खरोखर तीन आहेत का, ते पाहा

बाहेरून रंगकामाची तीन कोटेशन्स समोर आली आहेत असे समजा. तीन लेटरहेड, तीन लोगो, दर चौरस फुटाला २२, २४.५० आणि २५ रुपये. सगळे रीतसर दिसते. आता तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. कामाचा क्रम तिन्हींत शब्दशः सारखा. ‘क्रॅक फिलिंग’मधली चूक तिन्हींत तीच. क्षेत्रफळ तिन्हींत १८,४०० चौरस फूट, आणि वॉचमनला विचारले तर मोजमापाला एकच माणूस येऊन गेला होता. मग जीएसटी क्रमांक पाहा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. दोन लेटरहेडांवर ही दहा अक्षरे सारखी निघाली, तर दोन्ही फर्म एकाच्याच. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीचे नाव कोणालाही दिसते. त्याला लॉगिन लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

ज्याला काम हवे असते तोच अनेकदा उरलेली दोन कोटेशन्स आणून देतो. “साहेब, तुम्हाला कशाला त्रास, मी तिन्ही आणतो.” सेक्रेटरी दिवसभर ऑफिसात असतो, त्याला बरे वाटते. कोणीही एक रुपया घेतलेला नसतो आणि सोसायटीचे दीड-दोन लाख गेलेले असतात.

यावर उपाय असा. कामाचा तपशील सोसायटीने स्वतः लिहायचा: किती हात, कोणत्या प्रतीचा रंग, परांची कोणाची, पावसाळ्यापूर्वी कोणत्या तारखेपर्यंत, हमी किती वर्षे. तोच कागद सगळ्यांना द्यायचा. एक तरी कोटेशन कमिटीबाहेरच्या सभासदाने आणलेले असावे. पाकिटे बंद यावीत आणि सभेत सगळ्यांसमोर फोडावीत. सर्वसाधारण सभेने ठरवून दिलेल्या रकमेपेक्षा काम मोठे असेल तर रीतसर निविदा काढायची. सर्वात कमी दराचेच घ्यावे असे नाही. पण जास्त दराचे घेतले तर कारण इतिवृत्तात लिहायचे, आणि ते असे लिहायचे की सभेला नसलेल्या माणसालाही वाचून पटेल.

चौथी पायरी: पैशाची वाट उजेडात ठेवा

खजिनदाराचा प्रामाणिकपणा मनात असून भागत नाही. दुसऱ्याला तो तपासता आला पाहिजे. “माझ्यावर विश्वास नाही का?” हा प्रश्न खजिनदाराने कधीच विचारू नये. हिशेब मागणारा माणूस अविश्वास दाखवत नाही, तो सभासद म्हणून आपले काम करत असतो.

कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवायच्या नाहीत. चेअरमन पंधरा दिवस मुलीकडे जाणार म्हणून दहा चेकवर सह्या, हे इतके सर्रास चालते की कोणाला त्यात वावगे वाटत नाही. पण दोन सह्यांची अट कशासाठी आहे? दुसऱ्या माणसाने बिल पाहावे म्हणून. कोऱ्या चेकवरची दुसरी सही म्हणजे न पाहिलेल्या बिलाची ग्वाही. त्यापेक्षा नेट बँकिंगमध्ये एकाने व्यवहार तयार करायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय बँकेकडून करून घ्या. माणूस परगावी असला तरी काम अडत नाही.

वर्गणी आणि मेंटेनन्स सोसायटीच्याच खात्याच्या क्यूआर कोडवर घ्या. गणपतीची वर्गणी “तात्पुरती माझ्या नंबरवर टाका” म्हणून जमा झाली की चार दिवसांत ती घरखर्चात मिसळते, आणि नंतर सगळे पैसे परत केले तरी ते सिद्ध करता येत नाही. रोख आली तर पावती त्याच क्षणी आणि भरणा शक्यतो दुसऱ्या दिवशी. व्हाउचरवर ‘किरकोळ खर्च’ असे मोघम न लिहिता कोणाला, कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून हे लिहा.

दर महिन्याला जमा-खर्चाचा एक पानी तक्ता बोर्डावर लावा, सोबत बँकेतली शिल्लक. एफडीच्या मूळ पावत्या वर्षातून एकदा कमिटीने हातात घेऊन पाहाव्यात. झेरॉक्सवर समाधान मानू नये. ठेवी एकाच बँकेत ठेवू नका. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंतच आहे आणि सगळी सोसायटी मिळून एकच ठेवीदार धरली जाते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आणि ताळेबंद सभेआधी पुरेसे दिवस लोकांच्या हातात द्यायचा. सभेच्या दाराशी कागद वाटून लगेच “मंजूर, मंजूर” म्हणवून घेणे हे हिशेब दडवण्यासारखेच आहे.

उजेडालाही मर्यादा आहे. कोणाचे किती थकले हे कमिटीला माहीत असलेच पाहिजे, पण नावानिशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्या घरात कोणाची नोकरी गेली असेल, कोणी दवाखान्यात असेल. वसुलीची नोटीस दारात, पाकिटात द्या.

पाचवी पायरी: नाही म्हणायची वाक्ये आधीच तयार ठेवा

भिडेची गोम अशी की ती ऐनवेळी येते. समोरचा हसत बोलत असतो, चहा आलेला असतो, आणि तेवढ्यात शब्द सुचत नाहीत. म्हणून शब्द आधी ठरवून ठेवायचे. माझ्या पाहण्यात चाललेली काही वाक्ये देतो.

वडीलधाऱ्या चेअरमनसाठी: “काका, तुम्ही खर्च केला यात मला काडीचीही शंका नाही. पण ऑडिटर मला विचारणार. पावती मिळेपर्यंत मी ही रक्कम तुमच्या नावावर ॲडव्हान्स म्हणून दाखवतो.” यात काकांचा मान राहतो आणि हिशेबही खरा राहतो.

दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा घेऊन आलेल्या कंत्राटदारासाठी: “भाऊ, डबा आणलात, बरे वाटले. पण तुमचे बिल माझ्याकडे पास व्हायचे आहे. हा वॉचमन केबिनमध्ये ठेवू या, सगळे मिळून खातील.” डब्याखाली पाकीट असेल तर ते तिथल्या तिथे, साक्षीदारासमोर परत. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटवस्तूंबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत; त्या वाचलेल्या असल्या की “नियमात बसत नाही हो” एवढे म्हणून सुटता येते. खासगी कंपनीत एचआरचे धोरण विचारून घ्या.

घाई करणाऱ्यासाठी: “आज उत्तर देत नाही. परवा कमिटीत ठेवतो.” हे वाक्य मला सगळ्यात मोलाचे वाटते. आज सही झाली नाही तर आभाळ कोसळेल असे सांगणाऱ्या प्रस्तावांपैकी बरेचसे दोन दिवसांनी आपोआप मवाळ होतात.

आणि महापालिकेत किंवा तहसील कार्यालयात चिरीमिरी मागितली गेली तर? “सोसायटीच्या कामासाठी दिले, स्वतःसाठी नाही” असे म्हणून अनेक सज्जन माणसे पैसे देतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मागणी झाली की देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर फोन करा. साधी दिरंगाई असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ती सेवा अधिसूचित आहे का ते ‘आपले सरकार’ पोर्टलवर पाहा. असेल तर तिची मुदत ठरलेली असते आणि मुदत उलटली की अपील करता येते.

सहावी पायरी: आपली सही कशाची ग्वाही देते, हे सही करताना विचारा

इथे थोडे सोसायटीबाहेर जाऊन कामाच्या टेबलाकडे पाहू. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरची असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. मुंबईत अशा अहवालात इमारतीचे वर्गीकरण होते. ‘सी-वन’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. या दोन अक्षरांवर शेकडो माणसांचे घर अवलंबून असते. पुनर्विकास लवकर व्हावा म्हणून कोणाला अहवाल सी-वन हवा असतो. भाडेकरूंना बाहेर काढायचे म्हणून हवा असतो. कोणाला खर्च टाळायचा असतो, म्हणून सी-वन नको असतो. एकाच इमारतीचे दोन परस्परविरुद्ध अहवाल येतात आणि ते महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात, हे मुंबईत नवे नाही.

त्या अहवालावर सही करणाऱ्या इंजिनिअरने काय करावे? पाहणीला स्वतः जावे, साइटवर मुलगा पाठवून मोकळे होऊ नये. फोटोवर तारीख आणि जागा असावी. काँक्रीट आतून कितपत भक्कम आहे ते दाखवणाऱ्या अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचणीची आणि लोखंडाच्या गंजाच्या चाचणीची मूळ वाचने अहवालाला जोडावीत, म्हणजे निष्कर्ष कशावरून काढला ते दुसऱ्या इंजिनिअरला तपासता येईल. किती घरे बंद होती, कोणते कॉलम पाहता आले नाहीत, हे लपवू नये. आणि “एवढे सी-वनमध्ये बसवा ना साहेब” असा फोन आला तर उत्तर ई-मेलने द्यावे: “आपल्या सूचनेप्रमाणे वर्ग बदलण्यासाठी नव्या चाचण्यांची वाचने लागतील. ती आल्यास अहवाल पुन्हा तपासेन.” बहुतेक वेळा पुढे मेल येत नाही.

सीए, डॉक्टर, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, शाळेतला परीक्षक, सगळ्यांना हेच लागू आहे. सही म्हणजे ‘मी पाहिले’. जे पाहिले नाही त्यावर सही नको.

सातवी पायरी: बचत कोणाच्या जिवावर होते आहे, ते विचारा

आतापर्यंतचे सगळे काटेकोर पाळूनही माणूस अनीतीने वागू शकतो. हिशेब पैशापैशाला जुळतो, तीन खरी कोटेशन्स घेतली जातात, सर्वात स्वस्त माणसाला काम मिळते आणि तो दोन मुलांना दोरीने सेप्टिक टाकीत उतरवतो.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगारांचा जीव गेला. त्यांच्या विधवा पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाईची ही रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख करण्यात आली. गटार किंवा सेप्टिक टाकीत माणसाला धोकादायक पद्धतीने साफसफाईसाठी उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या गुन्ह्यालाही कैद होऊ शकते, आणि काम देणाराही त्यातून सुटत नाही.

कमिटीतल्या प्रत्येकाला हे माहीत असावे की टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. त्यामुळे “आता वास येत नाही, उतरा” हे वाक्य जीवघेणे आहे. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका टाकीत तीन-तीन मृत्यू होतात ते असे.

म्हणून टाकी उपसायची ती महापालिकेच्या किंवा नोंदणीकृत कंत्राटदाराच्या सक्शन गाडीनेच. वर्क ऑर्डरमध्ये ‘कोणत्याही परिस्थितीत कोणीही टाकीत उतरणार नाही’ हे वाक्य घाला आणि काम चालू असताना कमिटीचा एक माणूस तिथे उभा राहू द्या. तळाशी थोडा गाळ राहिला तर राहू द्या. गाडीचे पैसे जास्त पडतात, हे सभेत स्पष्ट सांगा आणि मंजूर करून घ्या. माझ्या अनुभवात, कारण नीट सांगितले तर सभासद याला विरोध करत नाहीत. कमिटीच आधी गृहीत धरते की करतील.

वॉचमनच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारा. एजन्सीचा दर इतरांपेक्षा फारच कमी असेल, तर तो कुठून कमी झाला? बहुधा बारा तासांची पाळी, सुट्टी नाही, भविष्य निर्वाह निधी कागदावरच. बिल पास करण्याआधी त्या महिन्याचे पीएफ चलन मागा आणि आपल्या वॉचमनचे नाव त्यात आहे का, ते पाहा. त्यालाच विचारा, “दादा, हातात किती पडतात?” एजन्सीचा माणूस समोर नसताना विचारा. बसायला खुर्ची, पिण्याचे पाणी, संडास या गोष्टी ठरावाची वाट न पाहता द्यायच्या असतात.

आठवी पायरी: विरोध लिहून ठेवा, मग वरच्या पायरीवर जा

चुकीचा निर्णय बहुमताने झाला तर बाहेर येऊन कुजबुज करण्यात अर्थ नाही. सभेतच म्हणा: “माझा विरोध आहे, कारणासह नोंदवा.” समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर संयुक्त आणि वैयक्तिक असते, पण ज्याचा विरोध इतिवृत्तात नोंदलेला आहे, त्याच्यावर त्या निर्णयाची जबाबदारी येत नाही. सेक्रेटरी लिहायला तयार नसेल तर त्याच दिवशी पत्र द्या आणि पोच घ्या. हे केल्याने संबंध बिघडतील ही भीती खरी असते, पण विरोध शांत शब्दांत, माणसाचे नाव न घेता कामापुरता मांडला तर महिन्याभरात बोलणे पूर्ववत होते.

त्याने भागले नाही तर क्रम असा: कमिटीला लेखी अर्ज, मग सर्वसाधारण सभा, मग सहकार खात्याचे उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालय. अर्जात तारखा, रकमा, व्हाउचर क्रमांक घाला. ‘भ्रष्टाचार’, ‘चोर’ हे शब्द गाळा. ते ठरवण्याचे काम चौकशी करणाऱ्याचे आहे, आणि ग्रुपवर तसे लिहिले तर अब्रूनुकसानीचा दावा आपल्यावरच येतो.

ऑफिसात मार्ग निराळे आहेत. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना गैरप्रकार कळवण्यासाठी दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. तिचा पत्ता धोरणपत्रिकेत असतो. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते.

आणि धोका ओळखूनच पाऊल टाका. सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनिअरने सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयाला कळवले, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट इतर कार्यालयांत फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया इथे त्यांची हत्या झाली. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अंमलात आणलेला नाही. त्यामुळे मोठ्या प्रकरणात एकट्याने पुढे जाऊ नका. आधी वकिलाशी बोला. आपल्याकडे रीतसर आलेल्या कागदांच्या प्रती ठेवा, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधून काही काढू नका. तारीखवार टिपण घरातल्या एका विश्वासू माणसाकडे असू द्या. घरच्यांना अंधारात ठेवून अशी लढाई सुरू करू नये. त्यांनाही तिची झळ बसणार असते, आणि त्यांचाही विचार करणे नीतीतच येते.

नववी पायरी: पद सोडताना

नवी कमिटी आपल्या विरोधी गटाची असली, तर कारभार सोपवताना मन खट्टू असते. याच वेळी फायली उशिरा देणे, पासवर्ड ‘आठवत नाही’ म्हणणे असे प्रकार होतात. त्यात नुकसान सभासदांचे होते.

सोपवायच्या वस्तूंची यादी दोन प्रतींत करा: कॅशबुक, व्हाउचर फायली, चेकबुके आणि न वापरलेल्या चेकचे क्रमांक, एफडीच्या मूळ पावत्या, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे केल्याचा दस्त) आणि मंजूर नकाशे, सभासद नोंदवही, इतिवृत्ते, लिफ्ट आणि पंपाचे वार्षिक देखभालीचे (एएमसी) करार, विम्याची पॉलिसी, टेरेस आणि मीटर रूमच्या चाव्या, अकाउंटिंग सॉफ्टवेअर व ई-मेलचे पासवर्ड. दोन्ही प्रतींवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. हातातली रोख मोजून द्या आणि तो आकडा कॅशबुकात त्याच तारखेला लिहा. जी कामे अर्धवट आहेत, ज्या कंत्राटदाराची अनामत आपल्याकडे आहे, ज्या सभासदाला तोंडी काही शब्द दिला आहे, त्याचे एक वेगळे पान जोडा. त्याच आठवड्यात नव्या खजिनदाराबरोबर बँकेत जाऊन सह्यांचे अधिकार बदलून घ्या, आणि आपल्या मोबाइलवर येणारा सोसायटीच्या खात्याचा ओटीपी बंद झाला का, याची एक छोटी रक्कम पाठवून तिथेच खात्री करा.